डब्याचे कान

डबा चालू केला की पडद्यावर निळं चिन्ह यायचं, आतला पंखा घुरघुरायचा, आणि सगळं काळं. मग परत निळं. परत काळं. आई खुर्चीत बसून ते बघत होती आणि मी तिच्याकडं बघायचं टाळत होते. डबा मी बिघडवला होता आणि ती मला शिवीसुद्धा देऊ शकत नव्हती. शिवी द्यायला तिला तोच डबा लागायचा.

आम्ही इचलकरंजीचे. आई, कस्तुरी हावळ, वहिफणीचं काम करायची, म्हणजे माग सुरू व्हायच्या आधी सुताच्या हजारो तारा एकेक करून फणीतनं ओवायच्या. ते काम आधी यंत्रानं घेतलं, आणि नंतर आईचे हात आजारानं घेतले. मेंदूकडनं स्नायूंकडं जाणाऱ्या नसा मरत जातात, असा आजार. आधी बोटं, मग पाय, मग जीभ. डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील, असं डॉक्टरनं चांगली बातमी असल्यासारखं सांगितलं.

तिची जीभ अडखळायला लागली तेव्हा पप्पांच्या कारखान्याच्या शेठनं हा डबा दिला. हार, फोटो, पेढे, सगळं झालं. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र आणि हनुवटीखाली चिकटवायची एक पट्टी. माणूस बोलायचं म्हणून जोर करतो तेव्हा आवाज फुटला नाही तरी गळ्याच्या स्नायूंत बारीकशी वीज खेळते. पट्टी ती टिपते, डबा तिचे शब्द करतो, आणि आईच्याच जुन्या आवाजात बोलतो. बसवायला आलेल्या माणसानं आईकडनं तीनशे वाक्यं वदवून घेतली, अडखळत का होईना. कुठली वीज म्हणजे कुठला शब्द, हे डबा त्यातनं शिकला. प्रत्येकाचं वेगळं असतं. आईचा नकाशा आईच्याच डब्यात.

हे सगळं घरातल्या घरात चालतं, बाहेर काही जात नाही, असं तो माणूस जाताना सांगून गेला.

शाळा मी नववीत सोडली. वर्गात एक कॅमेरा होता, कोणाचं लक्ष किती टक्के ते मोजायचा. माझं कायम तळाला. एक दिवस मी त्याच्या डोळ्यावर च्युइंगम लावला, बाई ओरडल्या, मी उलट ओरडले, आणि दप्तर घेऊन बाहेर पडले ती पडलेच. आता चौकातल्या एका दुकानात फोन आणि बोलके चष्मे दुरुस्त करते. समृद्धीचं कशात लक्षच नसतं, असं सगळे म्हणतात. पण घरातला तो दिवा पहिल्यांदा मलाच दिसला.

नेटच्या खोक्यावरचा दिवा. घरातनं बाहेर काही जात असलं की तो फडफडतो. एका रविवारी आई जेवून झोपली होती, पट्टी काढून ठेवलेली. पप्पा आणि त्यांचे सोबती बसून कारखान्याचं बोलत होते. शेठ एकेका माणसाला आठाऐवजी बारा माग बघायला लावणार होते, तर काय करायचं, कधी करायचं. ते बोलले की दिवा फडफडायचा. सगळे गप्प झाले की दिवा गप्प. मी मुद्दाम खोकले. फडफड.

मला आधी खरं वाटलं नाही, म्हणून मी काही बोलले नाही. त्याच आठवड्यात, त्या दिवशी आमच्यात बसलेल्या पाच जणांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. पप्पांना काढलं नाही. आता डोकं असलेला कोणीही यातनं काय समजेल? गल्लीत बोलणं सुरू झालं की सिद्राम हावळ फितूर आहे. नळावर बायका मला बघून बादल्या उचलायला लागल्या. आमच्याकडं यायचा तो फक्त बशीरचाचा, मागाचा जॉबर, म्हणजे बिघडलेले माग सुधारणारा, पप्पांचा लहानपणापासूनचा दोस्त.

त्याला मी दिवा दाखवला. त्यानं तीन-चारदा टाळ्या वाजवून बघितल्या. मग डब्याकडं वळून आईच्या देखत एक अशी शिवी घातली की आईचा डबा लगेच बोलला, "भावजी, पोरगी हाय समोर."

मला राग आला की हात थांबत नाही. दुसऱ्या दिवशी डबा दुकानात नेला, उघडला, आतलं सगळं मोठ्या पडद्यावर घेतलं. आमच्या दुकानात एकच नियम आहे, आधी कॉपी, मग हात. तेवढं मी केलं. मग शोधत बसले. बोलायच्या प्रोग्रॅमच्या पाठीला जोडलेला दुसरा एक प्रोग्रॅम होता, नाव साधंच, 'मदतनीस'. चोवीस तास कान उघडा, आणि ऐकलेलं सगळं बाहेर. शेठपर्यंत ते कसं पोचायचं ते मला अजून नीट माहीत नाही. ज्यानं डबा भेट दिला त्याला कंपनी वापराचा अहवाल पाठवते, एवढं एका कोपऱ्यात लिहिलं होतं. मी 'मदतनीस' उडवला. मुळापासनं. लई बरं वाटलं.

आणि घरी आणून बटण दाबलं तर हे. निळं, काळं, निळं, काळं.

कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती. डबा उघडलाय म्हणजे दुरुस्ती मिळणार नाही, पण नवीन पाठवू, म्हणाली. आईचा नकाशा नवीन डब्यात घालून देणार का, विचारलं. नाही, तो त्या डब्याबाहेर निघत नाही, तुमच्याच खाजगीपणासाठी तशी सोय केलीय. मग नवीन डबा शिकणार कशावर?

"पेशंटला फक्त ती तीनशे वाक्यं पुन्हा म्हणायला सांगा, मॅडम."

मी फोन भिंतीवर मारला. स्वतःच्याच दुकानात स्वतःचाच फोन दुरुस्त करावा लागला नंतर.

तीन वर्षांपूर्वी आई अडखळत का होईना बोलत होती. आता तिचे ओठसुद्धा हलत नव्हते. जो काही नकाशा होता तो या एका डब्यात, आणि डबा उठत नव्हता. तोवर आईला फक्त डोळे. वर बघितलं की हो, मिटले की नाही. म्हणजे विचारणाऱ्याला जेवढं सुचेल तेवढंच आईनं बोलायचं. पाणी? मिटले. कूस बदलू? मिटले. माश्या? मिटले. पप्पा विचारत राहायचे आणि शेवटी तिचे डोळे छताकडं लागायचे, हो म्हणून नाही, वैतागून.

कॉपी परत घातली असती तर डबा उठला असता, पण त्या चोर कानासकट, आणि ते मला नको होतं. डबा का उठत नव्हता ते सापडायला मला सगळा आठवडा गेला. झालं होतं असं. असलं कुठलंही यंत्र जागं होतं तेव्हा आतल्या प्रोग्रॅमना ठरलेल्या क्रमानं हाक मारतं. एकानं ओ दिली की पुढच्याला. 'मदतनीस'नं स्वतःला त्या रांगेत पहिलं उभं केलं होतं, आणि बोलायचा प्रोग्रॅम त्याच्या मागं. मी पहिल्यालाच उडवलं. डबा हाक मारायचा, ओ यायची नाही, तर त्याला वाटायचं आपण अजून नीट जागे झालो नाही, म्हणून परत झोपून परत उठायचा. जन्मभर उठत बसला असता.

कळल्यावर मला हसूच आलं. शाळेत दांडी मारलेल्या मैत्रिणीची हजेरी मी कितीदा दिली असेल. तसंच केलं. 'मदतनीस' नावाचाच एक इवलासा प्रोग्रॅम लिहिला, ज्याला काहीच येत नाही, फक्त हाक आली की ओ म्हणायचं आणि मागच्याला पुढं सोडायचं. बटण दाबलं. निळं. पंखा. आणि या वेळी निळं गेलं नाही.

पप्पांनी आईच्या हनुवटीखाली पट्टी लावली, तिचे केस सारखे केले, लग्नातल्यासारखे. आम्ही तिघं, म्हणजे पप्पा, बशीरचाचा आणि मी, समोर बसलो. आईच्या डोळ्यांत जोर दिसला. डबा तिच्या आवाजात म्हणाला, "पाट मी भात. भात. पी मी बात."

परत जोर. "मात पी."

आईनं डोळे मिटले, आणि उघडलेच नाहीत बराच वेळ.

मी डबा परत दुकानात नेला. आतल्या नोंदी बघितल्या, पहिल्या दिवसापासनंच्या, आणि मग कळलं. पहिल्या वर्षी आईची वीज ठळक होती, डबा ती एकट्यानं वाचत होता. तेव्हा खरंच सगळं घरातल्या घरात चालत होतं. पुढं वीज पुसट झाली. प, ब, म सगळं सारखंच दिसायला लागलं. तिथनं पुढं डबा वाचत नव्हता, अंदाज करत होता. घरात आत्ता विषय काय चाललाय, समोरच्यानं काय विचारलं, कोणाचं नाव निघालं, हे ऐकून कंपनीच्या मोठ्या यंत्रांकडं पाठवायचा आणि तिकडनं यायचं की बाई बहुतेक असं म्हणत असेल. त्यातलं जे आईच्या विजेशी जुळेल ते बोलायचा.

हे मी बशीरचाचाला सांगितलं तर तो म्हणाला, मग आमच्या शेडमध्ये दुसरं काय करतो आम्ही. खरंच होतं. मागाच्या खडखडाटात कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नाही. तिथं माणूस निम्मं ओठांवरनं ओळखतो आणि निम्मं विषयावरनं.

म्हणजे डब्याचे चोर कान आणि आईची जीभ एकच होती. नेट तोडलं तरी आई मुकी, कान कापले तरी आई मुकी.

कॉपी माझ्याकडं होती. 'मदतनीस' परत बसवला की आई परत बोलणार होती, आणि आम्ही बोललेलं सगळं परत बाहेर जाणार होतं.

पप्पांनी स्वच्छ नाही म्हटलं. पाच घरं बसलीत आपल्या घरातल्या बोलण्यापायी, म्हणाले. बोलताना ते आईकडं बघत नव्हते. बशीरचाचा उठला, आईच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला. "सिद्राम, डब्याला कान हायत. डोळे कुठं हायत?" असं म्हणून त्यानं हात वर केले.

मागावरच्या खुणा. कपाळावर आडवा हात म्हणजे शेठ आला. बोटानं बोट ओढलं की तार तुटली. मूठ उघडून उलटी केली की माग बंद. बाकीचं ओठांवर, आवाज न काढता. पप्पांना येतात, चाचाला येतात, आईला तर वहिफणीच्या खोलीतल्या बायकांच्या वेगळ्या, जास्त चावट खुणाही येतात. घरात कामाचं सगळं असं बोलायचं. डब्याला ऐकवायला चहापाणी, ऊनपाऊस.

मी आईला विचारलं, बसवू का परत? तिनं डोळे वर केले. इतके वर की नुसतं पांढरं दिसलं.

बसवला. आईचं पहिलं वाक्य, डब्यातनं, ठणठणीत: "समे, तुझ्या आमटीत मीठ जास्त पडतंय. कधीचं सांगायचं होतं मला."

पप्पा हसले आणि मग तोंड धुवायला म्हणून मोरीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

पुढचे थोडे दिवस मजेचे होते, खोटं कशाला बोलू. ज्यांना काढलं होतं त्यांना चाचानं गुपचूप आणलं, दिवा दाखवला, पप्पांवरचा डाग धुतला. दुपारपाळी सुटली की आमच्यात माणसं जमायची आणि घरभर हात उडायचे. संपाचा सगळा बेत हातांवर चालला होता. मधेच कोणाला तरी आठवायचं आणि तो डब्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायचा, काय वहिनी, ऊन लई हाय आज. आणि आई म्हणायची, व्हय, लई हाय. सगळे तोंडावर हात दाबून हसायचे. शेठला कसं बनवलं. आई सगळं बघत होती, सगळ्या खुणा तिला कळत होत्या. तिचे हात तेवढे मांडीवर, जसे ठेवले तसे.

पहिल्यांदा जे खटकलं ते बारीक होतं. चाचाचा मुलगा कामासाठी तामिळनाडूत जाणार होता, पप्पांनी खुणेनं सांगितलं. आईच्या डोळ्यांत प्रश्न आला, जोर आला, आणि डबा म्हणाला, "चहा झाला का?"

चाचा म्हणाला, झाला वहिनी. मी आईच्या तोंडाकडं बघत होते. तिनं चहाचं विचारलं नव्हतं.

मग ते वाढत गेलं. भाजी काय आणली. ऊन लई हाय. चहा झाला का. मी दुकानात नोंदी काढून बघितल्या. डबा अजून शिकतच होता. ऐकेल त्यावर शिकायचा, आणि गेले कित्येक दिवस त्याला घरात चहा, भाजी आणि ऊन सोडून काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं ठरवून टाकलं होतं की या घरातली माणसं दुसरं काही बोलत नाहीत, तेव्हा ही बाई तरी दुसरं काय बोलणार. आम्ही शेठला उपाशी ठेवलं आणि आई उपाशी मरायला लागली.

मी खूप बडबड केली. दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगितल्या, बातम्या वाचल्या, शेजारणीच्या चुगल्या केल्या. त्यानं दोन-चार शब्द परत यायचे, चष्मा, शेजारीण. पण आईचं मन जिथं अडकलं होतं तिथला एक शब्दही घरात कोणी तोंडानं उच्चारत नव्हतं.

पप्पांना सांगितलं, खुणेनंच. त्यांनी हात जोडले. संप होऊ दे, मग बोलू सगळं, असं ओठांवर म्हणाले. संप सोमवारी होता. सकाळची पाळी चढली की सगळ्या शेडचे माग एकदम बंद.

रविवारी सकाळी घरात आई आणि मीच. मी तिचे केस विंचरत होते. डबा म्हणाला, "चहा झाला का."

झाला, मी म्हटलं.

"चहा झाला का. भाजी काय आणली. चहा."

मी समोर आले. तिच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं आणि पुसायला हात नाही म्हणून सरळ मानेपर्यंत गेलं होतं. जोर चालूच होता, कपाळाची शीर फुगलेली, आणि डबा तिच्याच गोड आवाजात ऊन लई हाय, ऊन लई हाय करत होता. मी विचारत गेले, दुखतंय का, पप्पांचं काही आहे का, भीती वाटते का. प्रत्येकाला डोळे मिटले. मिटले, मिटले, मिटले.

मग माझं डोकं फिरलं. आईवर नाही. त्या डब्यावर. मी त्याच्यावर ओरडले.

"संपाचं म्हणायचंय तिला! उद्याच्या संपाचं! सकाळची पाळी चढली की सगळे माग बंद करणार आहेत, बशीरचाचा पहिला बंद करणार आहे, आणि तुझ्यापायी आम्ही सगळे मुक्यासारखे हात हलवत बसलोय, तुला काढलं होतं ते परत बसवलंय, कळालं? आता बोल तिचं!"

डब्याचं ऊन थांबलं. मग आईचा आवाज आला. हळू, सबंध, एकही शब्द न चुकता.

"काढून टाक हे, समे. माझ्यापायी तुम्ही सगळे मुके झालाय. मला बघवत न्हाई."

आणि मग, मी अजून तिथंच उभी असताना, "तू का बोललीस गं?"

मी मागं वळून बघितलं. नेटच्या खोक्यावरचा दिवा फडफडत होता. मी वायर उपटली. दिवा विझला. जे जायचं ते गेलं होतं.

पळत पप्पांना गाठलं, चाचाला गाठलं. त्यांनी निरोप फिरवायचा प्रयत्न केला, पण इतक्या घरांत ठरलेलं एका दिवसात मागं घेता येत नाही. सोमवारी कामगार गेटवर गेले तेव्हा आत माग सुरूच होते. बाहेरगावची माणसं बसनं आणून आधीच कामाला लावली होती. कोणी कोणाला मारलं नाही, कोणी घोषणासुद्धा दिली नाही. बारा बारा मागांमध्ये एकेक नवीन पोरगा पळत होता आणि आमची माणसं गेटच्या बाहेरनं ते बघत उभी होती. आवाजामुळं त्यांना एकमेकांशी बोलता येत नव्हतं. तरी खुणेसाठी कोणी हात वर केला नाही.

चाचा मुलाच्या मागोमाग तामिळनाडूत गेला. जाताना आईच्या पाया पडला. मला फक्त डोक्यावर टपली मारली, नेहमीसारखी, त्यानंच जास्त लागलं.

पप्पा घरीच असतात आता. मला एका शब्दानं बोलले नाहीत. मी डबा उघडायला घेतला तेव्हा तेवढं म्हणाले, "राहू दे की आता. ऐकण्यासारखं राहिलंय काय या घरात? चहाचं तरी बोलंल."

मी आईला विचारलं, काढू का? वर, की मिटून? तिनं डोळे वर केले आणि तसेच धरून ठेवले, मी हो म्हणेपर्यंत.

'मदतनीस' काढला. या वेळी हजेरी द्यायला दुसरा कोणी बसवला नाही. दुकानातली कॉपी होती, ती काढू का, हेही विचारलं. परत वर. पुसली. मग सवयीनं बटण दाबलं. निळं आलं, पंखा घुरघुरला, काळं झालं. परत निळं. आई ते बघत होती. मी वायर काढली.

आता मी रोज तिच्यासमोर बसते आणि तोंडानं बोलते, खणखणीत, कारखान्याचं, पप्पांचं, चाचाचा फोन आला त्याचं, मी काय केलं त्याचं. काही लपवत नाही. बोलून झालं की थांबते आणि तिच्या ओठांकडं बघते. निम्मं ओठांवरनं ओळखायचं, निम्मं विषयावरनं. विषय माझ्याकडं सगळा आहे. ओठ हलत नाहीत.